राक्षसाच्या झग्याचं अस्तर

सायलीने झग्याची बटणं काढली, पुढचे दोन्ही भाग बाजूला केले आणि आत पाहत उभी राहिली. शुक्रवारची दुपार होती. ट्रायलच्या आरशासमोर कूलर चालू होता आणि त्या वाऱ्याने काळ्या कापडाचा घेर हळूहळू हलत होता. खांदे बरोबर बसले होते. मागची लांबी तिने फोटोत दाखवली होती तशीच जमिनीवर पसरत होती. मला वाटलं, तिला आवडला.

"मावशी," ती म्हणाली, "आतमधी काहीच नाही."

"आत काय पाहिजे होतं?"

 झगा उतरवून तिने माझ्या हातात दिला आणि स्टुलावर जाऊन बसली.

आमचं दुकान सदरला आहे. नाटकाचे, गॅदरिंगचे ड्रेस भाड्याने देतो आणि ऑर्डर आली तर शिवूनही देतो. मी तिथे बरीच वर्षं काज-बटण आणि तुरपाईचं काम केलं. कापड कापायचं काम मास्टरांचं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते लेकीकडे राहायला गेले, तेव्हा मालक नरूभाऊंनी मोठी कात्री माझ्यासमोर ठेवली. हा काळा झगा मी स्वतः कापलेलं पहिलं काम.

आमच्या दुकानात राक्षसाला अस्तर लावत नाहीत. अस्तर म्हणजे आतून लावलेलं दुसरं कापड. त्याने शिवणी झाकल्या जातात आणि कपडा अंगावर नीट पडतो. राजाला अस्तर लागतं, देवाला लागतं, परीच्या फ्रॉकलाही लागतं. राक्षसाचा ड्रेस एक दिवस दहावीचा जाडा मुलगा नेतो, दुसऱ्या दिवशी पाचवीतला बारका. दर वेळी आतून शिवण उसवायची, परत मारायची. त्यात अस्तर आडवं येतं. शिवाय राक्षस शेवटी स्टेजवर उताणा पडतो, त्याच्या आत कोण पाहतं? मास्टर असंच शिकवून गेले होते. मी झगा शिवला तोही तसाच. आतून उघड्या शिवणी, खडूच्या रेघा, कॉलरच्या मागे कॅनव्हासचा तुकडा.

नरूभाऊ काउंटरवरून चहाचा कप घेऊन आत आले.

"काय झालं वं मंगलाबाई? पोरगी काहून रुसून बसली?"

"आतून अस्तर पाहिजे म्हणते."

"राक्षसाले?" त्यांनी झगा उलटून पाहिला. "राक्षसाले कोणी अस्तर लावते का? रिकामी कटकट."

"काका, शेवटी तो उलटा करून घालते ना," सायली म्हणाली.

"उलटा काहून घालते? शुद्धीवर नाही का?"

"आतमधी त्याच्या आईची गोधडी राहते. त्यानंच आत शिवून टाकलेली राहते. सगळ्यांले माहीत आहे."

नरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. तिने फोनवर तीन फोटो पाठवले होते, समोरून, मागून आणि चालताना. आत काय आहे हे तिने सांगितलं नाही, कारण हा राक्षस ज्या जपानी मालिकेतला आहे ती पाहणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ आहे. मी विचारलं नाही, कारण मी गिऱ्हाइकाला फारसं काही विचारत नाही.

"परवा प्रोग्राम आहे तुमचा," नरूभाऊ म्हणाले. "परवापर्यंत गोधडी कोण शिवून राहिलं? मंगलाबाई, काळी साटीन लावून द्या आतून. लांबून काय दिसते."

"काळी लावली तर आम्ही नाव मागं घेतो," सायली म्हणाली. आवाज एवढा लहान होता की कूलरमध्ये विरून गेला. नरूभाऊ फोन वाजला म्हणून बाहेर गेले होते. मी ऐकलं.

ती मौदा गावची. नंदनवनला होस्टेलमध्ये राहते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. परवाचा प्रोग्राम म्हणजे एक स्पर्धा. त्यात मुलं जपानी कार्टून मालिकांमधल्या माणसांसारखे कपडे घालून येतात आणि स्टेजवर दोन मिनिटांचा प्रसंग करून दाखवतात. तिची मैत्रीण पूर्वा हिरो होणार होती. तिचा निळा कोट घरीच शिवून झाला होता. सायली आजवर कधी स्टेजवर चढली नव्हती.

"मले चार लोकांसमोर बोलता येत नाही, मावशी. घसाच बंद होते. म्हणून तर राक्षस घेतला. शेवटच्या सीनमधी त्याले एकपण डायलॉग नाही. त्याले जे सांगायचं आहे ते झग्याच्या आत आहे. आत काहीच नसन तर मी तिथं जाऊन काय करू?"

मी झगा मांडीवर घेतला. कापड चांगलं जड होतं. चूक माझी होती आणि मध्ये एक शनिवार होता.

"मला तो शेवट दाखव," मी म्हणाले. "कपडा कसा उलटतो ते पाहिल्याशिवाय मला जमणार नाही."

दुकानाला वर एक माळा आहे. तिथे सगळे ड्रेस दांड्यांवर टांगलेले असतात. एकाच खिडकीतून ऊन येतं, ते झिरमिळ्यांवर पडतं आणि भिंतीवर बारीक ठिपके फिरत राहतात. आम्ही तिथे चटईवर बसलो. तिने फोन पेटीला टेकवून उभा केला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. माझी शाळा चौथीपर्यंत, ती अक्षरं मला पुरी पडत नाहीत. तिने हळूच हिंदी लावून दिलं.

तिकडे बर्फ पडत होता. मी बर्फ कधी पाहिलेला नाही. तो असा पडत होता की कोणीतरी वर बसून पांढरी कतरण सोडतंय आणि तिला खाली यायची काही घाई नाही. डोंगरावर एक गाव होतं आणि गावातले दिवे एकेक करून विझत होते. रस्त्यावरून काळा झगा येत होता. पावलं दिसत नव्हती, नुसता घेर सरकत होता. बाहेर मार्चचं ऊन तापलं होतं आणि माझ्या दंडावर काटा आला.

जपानी नावं माझ्या तोंडी बसली नाहीत. मी एकाला निळा म्हणाले, एकाला काळा.

"हा काळा दिवे का विझवतो?"

"लहानपणी त्याची आई बर्फात मरते. तो दारोदारी जाते, सगळ्यांच्या घरात दिवे राहते, पण कोणीच दार उघडत नाही. मग तो राक्षस होते. म्हणते, आता कोणाच्याच घरी दिवा नाही राहणार."

"आणि निळा?"

"निळा पहिले पळून जाते," ती म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता. "पहिल्या भागात त्याच्या गावात राक्षस येते तर तो विहिरीत लपून बसते. भित्रा. मग तलवार शिकते. मग इतका राग येते त्याले की समोर येईन त्याले कापते. मले तेव्हा तो आवडत नव्हता. हिरो असून आवडत नव्हता. आणि आता पाहा."

पडद्यावर निळ्याची तलवार फिरली आणि काळा झगा खांद्यापासून फाटला. आत रंग होते. लाल, हळदी, विटका हिरवा, लहान लहान तुकडे, हाताच्या वेड्यावाकड्या टाक्यांनी जोडलेले. एवढ्या पांढऱ्यात आणि काळ्यात तेवढाच रंग. निळ्याची तलवार वर होती. ती तशीच वर राहिली. पळायचं नव्हतं, मारता येत होतं, आणि तो थांबला. मग काळ्याने झगा काढला, उलटा केला, गोधडी बाहेर घेऊन अंगावर घातला आणि बर्फातून चालत गेला. मागच्या गावात एक दिवा लागला.

 माळ्यावरच्या राजांच्या आणि राक्षसांच्या बाह्या खालच्या पंख्याच्या वाऱ्याने थोड्या थोड्या हलत होत्या. मला ते सगळे ऐकत असल्यासारखे वाटले.

"परत एकदा लाव," मी म्हणाले. "बाही उलटते तिथून."

ती जागा मी चार वेळा पाहिली. झगा दोन्हीकडून घालता यायला हवा होता. म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या शिवणी दोन कापडांच्या मध्ये दडवायच्या. बाहीला वेगळं अस्तर जोडून मनगटाशी बंद करायचं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसने दुकानात गेले. गोधडीसाठी नवं कापड घेऊन चाललं नसतं, नवं कापड नवंच दिसतं. माळ्याच्या कोपऱ्यात कतरणीचं पोतं असतं, कापून उरलेल्या तुकड्यांचं. ते मी जमिनीवर ओतलं. त्यात कितीतरी वर्षांचे ड्रेस होते. मखमल, जरी, खादी, फ्रॉकची जाळी. मी हातात येईल तो तुकडा घेत गेले आणि जोडत गेले. मशीनचा आवाज एका लयीत लागला की मला आजूबाजूचं ऐकू येत नाही. मध्येच वाटायचं, बाहेर बर्फ पडतोय. मग खालून कोणीतरी मिशा मागायचं आणि ऊन परत जागेवर यायचं.

दुपारी नरूभाऊ वर आले. मला वाटलं, रागावतील. ते पोत्याशेजारी बसले आणि एक तुकडा उचलून खिडकीकडे धरला.

"हा त्या सेनापतीचा ना वं? ज्याची पगडी स्टेजवरच सुटली होती?"

"तोच."

"आणि हा पिवळा? हा तं दुकानाच्या पहिल्या वर्षीचा आहे. मास्टरनं कापला होता." त्यांनी तो मला दिला नाही. आधी अंगठ्याने सारखा केला, मग दिला. "हा कॉलरजवळ लावजा. दिसला पाहिजे."

त्यानंतर ते तासभर तुकडे निवडत बसले. खाली गिऱ्हाईक आलं तर वरूनच ओरडून सांगायचे, थांबा गा जरा. त्यांनी सायलीच्या राक्षसाची गोष्टही विचारली. मी माझ्या पद्धतीने सांगितली.

"दार उघडलं नाही एकानंपण?" ते म्हणाले.

"नाही."

"मग तं होईनच ना राक्षस." असं म्हणून त्यांनी विटकी लाल मखमल पुढे केली.

मुंढ्याशी मात्र अडचण आली. मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोल जागा. गोधडीच्या जाडीने ती आतून आवळली. बाहेर सोडायला कापड पाहिजे होतं आणि मी शिवणीत अर्धाच इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती. जेवढं सुटलं तेवढं सोडलं. संध्याकाळी सायलीने घालून पाहिला, उलटूनही पाहिला. डावी बाही जरा अडत होती.

"हळू घाल," मी सांगितलं. "ओढू नको."

ती आरशात गोधडीकडे पाहत होती. माझं बोलणं तिने ऐकलं असं वाटत नाही.

रविवारचा पास तिने मला आणून दिला होता. मी हॉलमध्ये सगळ्यात मागे, भिंतीशी बसले. मुलांचे केस जांभळे, हिरवे, पाठीवर पुठ्ठ्याच्या तलवारी. मला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं, म्हणून बरं वाटत होतं. या दोघींचं नाव पुकारलं आणि दिवे मंद झाले.

सायली आली. माझ्या झग्याचा घेर स्टेजवरून सरकत आला, पावलं दिसली नाहीत. पूर्वाने तलवार उगारली. बटणं सुटली, झगा उघडला आणि आतले रंग दिसले.  पूर्वाची तलवार वर थांबली. सायलीने झगा काढला, उलटा केला, उजवा हात घातला. डावा हात मुंढ्यात अडकला.

तिने एकदा ओढलं. परत ओढलं. लांबूनसुद्धा मला तिचा खांदा ताठ झालेला दिसला. मी उभी राहिले होते, पण तिथून माझा हात कुठे पोचणार? संगीत पुढे चाललं होतं.

तेव्हा पूर्वाने तलवार खाली ठेवली. ती चालत गेली आणि एखाद्या लहान मुलाला स्वेटर घालावा तशी तिने बाही धरली, आतून हात घालून सायलीचा हात शोधला आणि बाहेर काढला. मग कॉलर सारखी केली. पिवळा तुकडा वर आला. सायली वळली आणि गोधडी पांघरून सावकाश चालत गेली. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा बराच वेळ थांबल्या नाहीत.

कपड्याला बक्षीस मिळालं नाही. मूळ मालिकेतल्या गोधडीचे रंग वेगळे आहेत आणि त्यात जरी नाही, म्हणून जजनी मार्क कापले. प्रसंगाला दुसरं बक्षीस मिळालं. जजनी खास विचारलं, की हिरो तलवार ठेवून बाही धरतो हे मालिकेत नाही, ही कल्पना कोणाची? माइक सायलीच्या हातात होता. ती म्हणाली, "बाही अडकली होती." सगळा हॉल हसला आणि तीही हसली. मग तिने जजना पहिल्या भागातली विहीर सांगितली, मधला राग सांगितला, आणि थांबलेला माणूस पुढे काय करेल हे आपल्याला आजच समजलं असं म्हणाली. ती चांगली दोन-तीन मिनिटं बोलली. शेवटी माइक मागून घ्यावा लागला.

सोमवारी मी नरूभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी मोठी कात्री माझ्याकडून परत घेतली नाही, तेवढं मला पुरे झालं.

मी दोन गोष्टी शिकले. गिऱ्हाइकाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. आणि उलटून घालायचा झगा असेल तर मुंढा नेहमीपेक्षा दीड इंच मोठा कापायचा, कारण प्रत्येक वेळी समोरचा तलवार खाली ठेवेलच असं नाही.