जलपर्णीवर एक पाय

बाबा मला विसरले होते. जांभळी पाणकोंबडी मात्र त्यांच्या लक्षात होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. लोक विचारतात, काय आठवतं?
खरं सांगू? ते तळं.

बाबा बडोद्याला, मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर टर्नर. सुट्टीच्या दिवशी सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून तळ्यावर न्यायचे. मैत्रिणी गार्डनमध्ये, आणि मी चिखलात!

त्यांचा रूल एकच. पक्षी ओळखायचा तर आधी काठावर पाय रोवून उभं राहायचं.
"रंग कुणीही सांगेल. वागणं सांग."
सांगून होईपर्यंत पाय हलवायचा नाही. हलला की आउट.

मग तो विसरण्याचा आजार आला. मला ते "ताई" म्हणायला लागले. अहो-जाहो करून.

एके सकाळी मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडं.
वॉचमन म्हणाला, "बेन, काका तो रिक्षामां तळाव गया."

मी पोचले तेव्हा बाबा अगदी काठावर होते. समोर जलपर्णी, इतकी दाट की जमीनच वाटावी. तिच्यावरून जांभळी पाणकोंबडी आरामात चालली होती. बाबा तिच्यामागे निघाले होते. एक पाय पानांवर.

खाली पाणी. आणि बडोद्याच्या पाण्यात मगर असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"बाबा!"

"शू! ताई, ओरडू नका. ती उडेल."

मी जागीच थांबले. धावले असते, तर दचकून ते पुढेच गेले असते.

तोंडातून आपोआप निघालं, "वागणं सांगा."

बाबा थांबले. पाय मागे घेतला. दोन्ही पाय काठावर रोवले.

"शेपटी सारखी उडवते, खालचं पांढरं दिसतं. देठ पायात धरून खाते. बोटं लांब, म्हणून पानांवर चालू शकते."

मी एकेक पाऊल पुढे.

"माणूस गेला तर बुडेल," ते म्हणाले. मग स्वतःच्या ओल्या चपलेकडे बघत राहिले.

"ताई, माझा हात धरा हो. भीती वाटतेय."

धरला. मी धीर दिला वगैरे काही नाही. घर येईपर्यंत रिक्षात दोघांनीही हात सोडला नाही.

मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
पण त्यानंतर घाबरले की हाक ठरलेली. "त्या ताईंना बोलवा."
शेवटच्या दिवशीसुद्धा.

बाबा, जपून जा. पाय बघून टाका.

तुमची,
ताई