कुत्रा सांभाळल्याची रोजी

एका तान्ह्या पोळ्याला मी शेजारच्या मुलीला तिच्या कामाची रोजी देण्याऐवजी लहान पोरांना देतात तो बोजारा देऊ केला, ही गोष्ट आमच्या ले-आउटमध्ये अजून सांगितली जाते, आणि ती तीन प्रकारांनी सांगितली जाते. समोरच्या घरातले मुख्याध्यापक म्हणत की मी कंजूष होतो. माझी पत्नी म्हणते की मी विसराळू होतो. पुण्यात स्थायिक झालेला माझा मुलगा म्हणतो की मी त्या मुलीची जात पाहिली. तो त्या दिवशी सात वर्षांचा होता आणि ताटातल्या लिमलेटच्या गोळ्या खिशात भरण्यात गुंतला होता. मुख्याध्यापक आता हयात नाहीत. त्यांच्याशी ते असतानाच मी पुरेसा भांडलो आहे. हे लेखन उरलेल्या दोघांसाठी आहे. तिन्ही हकिकती चुकीच्या आहेत, आणि खरे कारण त्या तिन्हींपेक्षा फारसे शोभिवंत नसले तरी ते माझे आहे. ते दुसऱ्या कोणी बदललेले मला चालणार नाही.

मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा आरेखक होतो. शहराच्या टोकाला, जरीपटका वस्तीच्या अलीकडे, नव्याने प्लॉट पडलेल्या एका ले-आउटमध्ये आमचे दोन खोल्यांचे घर होते. घरात एक तपकिरी कुत्रा आणि एक पोपट होता. कुत्रा मी आणला होता, पावसाळ्यात नालीच्या काठी सापडलेला, तळहाताएवढा. कापसाच्या बोळ्याने मी त्याला दूध पाजले. माझ्याशिवाय तो कोणाच्या हातचे खात नसे, हे मी कचेरीत अभिमानाने सांगत असे. पोपटाला मी तीन वर्षे बोलायला शिकवत होतो. तो बोलत नव्हता.

ते वर्ष एकाहत्तर की बाहत्तर, यावरही आमच्या घरात वाद आहे. पण आषाढ होता, यावर नाही. सावनेरला माझ्या सासूबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या, त्यांचे मांडीचे हाड मोडले, आणि पत्नी मुलाला घेऊन माहेरी गेली. त्याच आठवड्यात मला कुहीच्या बाजूला कालव्याच्या सर्वेक्षणासाठी जाण्याचा हुकूम आला. मुदत सहा आठवडे. मुक्या जीवांचे काय करावे, हा प्रश्न होता.

आमच्यापासून चौथे घर एका रेल्वे फिटरचे होते. त्यांची मोठी मुलगी सोळा वर्षांची, मॅट्रिकला बसून निकालाची वाट न पाहता टायपिंगच्या क्लासची चौकशी करत फिरणारी. मी तिच्या वडिलांना विचारले. ते म्हणाले, "पोरीलेच विचारा, साहेब. काम ते करन." मुलगी म्हणाली, "किती देसान, काका?" हा प्रश्न मला त्या वेळी आवडला होता, हे मी मुद्दाम नमूद करतो. आठ आणे रोज ठरले. सकाळ-संध्याकाळ दोघांचे खाणेपिणे, आवाराची झाडझूड, कुत्र्याला फिरवणे. बेचाळीस दिवसांचे एकवीस रुपये. दर मी सांगितला, तिने मान्य केला. मुख्याध्यापकांनी आयुष्यभर सांगितले की मी तिला दर न ठरवता राबवले. ते खोटे आहे.

मी पोळ्याच्या दोन दिवस आधी परतलो. पत्नी आणि मुलगा आदल्या दिवशीच आले होते. फाटक उघडताना मी मनाची तयारी करून आलो होतो की कुत्रा अंगावर झेप घेईल, सदरा चिखलाने भरेल, आणि मी त्याला रागावण्याचे नाटक करीन. तो उठला. जवळ आला. माझ्या चपलांचा वास घेतला, आणि कचेरीतला शिपाई बदलून आलेल्या नव्या साहेबाला जेवढ्या आदराने सलाम करतो तेवढ्या आदराने त्याने शेपूट दोनदा हलवले. मग जागेवर जाऊन फाटकाकडे तोंड करून बसला.

त्याची अंगकांती बदलली होती. पावसाळ्यात त्याच्या कानांत गोचीड होत, आणि मी दरवर्षी चिमट्याने चार काढून सोडून देत असे. आता एकही गोचीड नव्हता. पत्नीने दाखवले: परसात घासलेटचा एक डबा होता, त्यात मुलगी रोज एकेक गोचीड काढून टाकत असे. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने त्याला आंघोळ घालत असे. पाण्याच्या नुसत्या आवाजाने पलंगाखाली शिरणारा माझा कुत्रा तिच्यासमोर उभा राहून आंघोळ करून घेत असे, असे पत्नीने शेजारणीकडून ऐकले होते. ते तिने मला कौतुकाने सांगितले. मी कौतुकाने ऐकले नाही.

संध्याकाळी पाचला कुत्र्याचे कान उभे राहिले. मला काहीच ऐकू आले नव्हते. मग फाटकाची कडी वाजली आणि तो जो धावला, जो लोळला, ज्या आवाजात रडला, तो आवाज त्याच्या गळ्यात आहे हे मला चार वर्षांत ठाऊक झाले नव्हते.

"काहून गा," मुलगी त्याला म्हणाली, "तुहा मालक आला नं? तरी माह्याच पायात येऊन राहिला?"

आणि पिंजऱ्यातून, तीन वर्षे मुका असलेला पोपट स्पष्ट म्हणाला, "काहून गा."

पत्नी हसून हसून ओट्यावर बसली. मुलगी संकोचली. "मी नाही शिकवलं, काका. मी कुत्र्याशी बोलत होती, त्यानं ऐकलं असन." मी म्हणालो, ठीक आहे. त्या दिवसापासून मी पिंजऱ्याजवळून गेलो की पोपट मला विचारी, काहून गा. काहून गा म्हणजे का रे.

दुसऱ्या दिवशी मी जरीपटक्याच्या बाजारातून मटणाची हाडे आणली. कुत्र्याने माझ्या हातून एक हाड घेतले, अत्यंत सभ्यपणे, आणि ते तोंडात धरून चौथ्या घरापर्यंत चालत गेला. तिच्या दाराशी ठेवले आणि बसला. मी रस्त्यात उभा होतो. मुख्याध्यापक झाडाला पाणी घालत होते. ते म्हणाले, "आहेर पोचवून राहिला वाटते तुमच्याकडला." हाडांचे पैसे माझे होते, आणि ते त्यांनी पाहिले होते.

हे सगळे मी सांगतो आहे ते एवढ्यासाठी की त्या संध्याकाळी मी मुलीला जे सांगितले ते विसरून सांगितलेले नव्हते. मी म्हणालो, "उद्यापासून यायची गरज नाही. आता मी आहे."

ती म्हणाली, "बरं काका. मंग माही रोजी?"

"परवा संध्याकाळी ये."

परवा तान्हा पोळा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार आणतात, आणि प्रत्येक घर त्यांना काही नाणी आणि खाऊ देते. त्याला बोजारा म्हणतात. तो चार वर्षांच्या मुलाला मिळतो, आठ वर्षांच्या मुलाला मिळतो. मिसरूड फुटलेला मुलगा बोजारा मागायला आला तर लोक हसतात. पत्नी म्हणते, परवा कोणता दिवस आहे हे माझ्या ध्यानात नव्हते. माझ्या ध्यानात होते. मी आरेखक होतो. मला दिवस चुकत नसत. ज्या मुलीने माझा कुत्रा सहा आठवड्यांत घेतला होता, तिला लहान मुलांच्या रांगेत उभी करून लहान करावे, एवढीच माझी इच्छा होती. मी तसे तेव्हा शब्दांत म्हटले नाही, पण मनात त्याहून वेगळे काही नव्हते.

संध्याकाळी आवारात वीस-पंचवीस पोरे होती, बैलांच्या गळ्यात रंगीत कागदाच्या माळा, त्यांच्या आया, मुख्याध्यापक, त्यांची सून. मी खुर्चीवर, मांडीवर ताट. कुत्रा पेरूच्या झाडाला बांधलेला. मुलगी फाटकाशी थांबली. तिला वाटले असावे की गर्दी संपल्यावर मी बोलावीन. मी तिला सर्वांदेखत हाक मारली आणि ताटात नाण्यांच्या खाली ठेवलेल्या तीन नोटा काढल्या. पंचवीस रुपये. त्यावर चार गोळ्या ठेवल्या.

"घे," मी म्हणालो, "हा तुझा बोजारा."

पोरे हसली. एक जण म्हणाला, "ताई, तुहा बैल कुठी हाय?"

तिने हात पुढे केला नाही. "काका, बोजारा बैलवाल्या पोट्ट्यायले देतात. मी तं बैल नाही आणला. मी रोजी न्याले आली."

"रोजीपेक्षा जास्त आहे. मोजून पाहा."

"जास्त काहून? जे ठरलं तेच द्या. कमीबी नको, जास्तबी नको."

मी म्हणालो, सणाच्या दिवशी मोठ्यांनी दिलेले परत करू नये. ती वळली आणि निघाली. कुत्र्याने दोरी ताणली, ती पेरूच्या सालीत रुतली, आणि मुलगी दिसेनाशी झाल्यावरही तो मागच्या दोन पायांवर उभा राहून हिसके देत होता. माझ्या हातात पंचवीस रुपये होते, आणि माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. सगळे कुत्र्याकडे पाहत होते.

दिवेलागणीला तिचे वडील आले. कामावरून थेट, ग्रीसचे हात पुसत. मी बसायला सांगितले, ते उभेच राहिले.

"मी भांडाले नाही आलो, साहेब," ते म्हणाले. "एक गोष्ट सांगाले आलो. माहा बाप गावात सणाले लोकायच्या दारी उभा राहे, अन् जे टाकत ते आणे. वर्षभराच्या कामाचं ते. छप्पन सालापासून आम्ही ते बंद केलं. दीक्षाभूमीवर मी बापाच्या बाजूले बसलो होतो, बावीस वर्षांचा. माह्या पोरीनं तुमच्या घरी काम केलं. तिले सणाचं देऊ नका."

मी म्हणालो, "अहो, मी जास्तच देत होतो."

"तेच तं सांगून राहिलो," ते म्हणाले, आणि गेले.

मुलगा ज्या जातीविषयी बोलतो ती या ठिकाणी येते. मी त्याला सांगतो की तो विचार माझ्या मनात नव्हता. मला फक्त कुत्रा दिसत होता. तो म्हणतो, "तुम्हाला विचार करायची गरज पडली नाही, बाबा, हाच माझा मुद्दा आहे." या एका वाक्याला मी अजून उत्तर तयार केलेले नाही. पण हेवा होता हे माझे म्हणणे त्याने खोडून काढलेले नाही, हेही त्याने मान्य करावे.

रात्रभर मी काय केले ते महत्त्वाचे नाही. सकाळी मी कचेरीच्या पिशवीतून हजेरीपटाचा एक कोरा कागद काढला. कालव्याच्या कामावर मजुरांना पैसे वाटताना तोच वापरत असत: नाव, दिवस, दर, रक्कम, सही. रेषा मी स्वतः आखल्या. वीस रुपयांच्या वरच्या रकमेला तिकीट लागते, म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्प लावला. हे सगळे बरोबर करणे मला येत होते; ते मला नेहमीच येत होते. मी निघालो तेव्हा कुत्र्याला सोडले नव्हते, पण तो माझ्या पुढे होता, कारण दोरी त्याने रात्रीतून कुरतडली होती.

चौथ्या घराच्या ओट्यावर मुलगी धान्य निवडत होती. मी कागद पुढे केला. तिने तो पूर्ण वाचला, मग म्हणाली, "बेचाळीस दिस माहे नाहीत, काका. एक दिस मले ताप होता. त्या दिवशी माह्या भावानं केलं."

"मग एक्केचाळीस लिहू?"

"नाही नं. काम तं झालं. दोन ओळी करा."

मी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, दुसरी ओळ आखली. तिचे साडेवीस रुपये, भावाचे आठ आणे. भाऊ दहा वर्षांचा होता. त्याने जीभ बाहेर काढून सही केली. तिने सावकाश केली, आणि पैसे मोजून वडिलांच्या हाती दिले नाहीत, स्वतःच्या दप्तरात ठेवले. मी माफी मागितली का, असे मुलगा विचारतो. नाही मागितली. मी सांगितले की काल दिवस चुकीचा निवडला. ती म्हणाली, "दिवस काही चूक नव्हता." आणि सूप उचलले.

मी उठलो. कुत्रा उठला नाही. मी हाक मारली. त्याने मान वळवून पाहिले, पाय पसरले आणि तिच्या सुपाशेजारी हनुवटी टेकली. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तीन दिवसांपूर्वी मी तिला येऊ नको म्हणालो होतो; आज ज्या रस्त्याने मी एकटा परत जाणार होतो, तो चार घरांचा रस्ता मला दिसत होता.

"संध्याकाळी येशील का?" मी विचारले. "पूर्वीसारखी. रोज."

तिने विचार केला. "क्लास सुरू होते सोमवारपासून. तिकडून येऊन करा लागन. आता बारा आणे होतीन, काका."

"बारा आणे."

"अन् महिन्याच्या महिन्याले. सणाले नाही."

मी हो म्हणालो. पत्नी आजही पाहुण्यांना सांगते की माझे मन किती मोठे, मी स्वतःहून मुलीची रोजी वाढवली आणि पुढली चार वर्षे एक तारीख कधी चुकवली नाही. तारीख चुकवली नाही हे खरे. मोठ्या मनाचे खोटे. ती आमच्या आवारात आली तर कुत्रा आमच्या आवारात राहील, नाही तर तिच्या ओट्यावर. बारा आण्यांमागे माझा हिशेब एवढाच होता. ती रोज संध्याकाळी यायची, पेरूखाली बसून त्याचे कान तपासायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मी खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसे. घरच्यांना वाटे मी वाचत आहे. त्या चार वर्षांत संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात मी एकही बातमी वाचली नाही.