चांदीच्या कानातला बिल्ला

ही माझी धाकटी बहीण. गुरं पारखायची नजर तिला माझ्यामुळेच आलीय! ती कामाला आहे त्या गोठ्यातल्या दीडशे गाईंच्या कानांत इलेक्ट्रॉनिक बिल्ले आहेत. गाय गव्हाणीशी आली की मालकाच्या मोबाइलवर नोंद होते.

परवा ती म्हणाली, “चांदीनं दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही.”

मालक हसला. “अगं, मोबाइल म्हणतो, ती गव्हाणीवरून हललेलीच नाही!”

बहिणीनं गव्हाणीच्या कोपऱ्यातून चांदीचा तुटून पडलेला बिल्ला काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. “मालक, हा जेवत होता.”

गुरांचे डॉक्टर धावत आले. म्हणाले, “आणखी एक दिवस गेला असता, तर गाय हातची गेली असती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदीनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मालकानं मोबाइल खिशात घातला आणि बहिणीला विचारलं, “ताई, बाकीच्या जेवल्या ना?”