भीती कव्हर होत नाही

चार बायका ओट्यावर विड्या वळायला बसल्या की किस्से आपोआप साठतात. हात कामात, तोंड मोकळं. पण साथीच्या काळात आमचा ओटा ओस पडला आणि माझ्यापाशी जे साठलं ते सगळं एका विम्याच्या कागदाचं. तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. आता सांगते.

तर सोलापुरात एक आजी राहत होती. ती मी. मालक वारलेले, घरात एकटी. एक लेक, सुनीता, मस्कतला दिलेली. भिंतीपलीकडं पद्माक्का, घरात तेलुगू बोलणारी, तीस वर्षं माझ्याबरोबर विड्या वळणारी. आणि सात रस्त्याला बिराजदार, विमा उतरवणारे.

सुनीताला दिवस गेले होते. तिला विमानात बसू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणजे बाळंतपणाला मीच जायचं. लेकीची अट एकच. "आई, पॉलिसी काढल्याशिवाय येऊ नको. हितला दवाखाना परक्या माणसाला झेपत नाही."

मला नातवंड मांडीवर घ्यायचं होतं, बाकी काही नाही. मध्ये हा कागद.

*

बिराजदारांनी कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. "आजी, कशासाठी चाललाय?"

"लेकीच्या बाळंतपणाला."

त्यांनी पडद्यावरची यादी वाचली. "यात तीनच कारणं हायत. फिरायला, धंद्याला, शिकायला."

"मग चौथं लिहा की."

"चौथं लिहिता येत नाही." आणि त्यांनी 'फिरायला'वर बटन दाबलं.

मी म्हणाले, "साहेब, मालक असताना तुळजापूरच्या पुढं कधी फिरले न्हाय. आता एकटी डिंकाचे लाडू घेऊन फिरायला चालले व्हय?"

"कंपनीच्या लेखी, व्हय."

*

पुढचा प्रश्न, आधीचे आजार कोणते. मला पंधरा वर्षांपासून बीपी. तो सांगावा की नाही हे मी आदल्या दिवशीच पद्माक्काला विचारून ठेवलं होतं.

आता विडीच्या कारखान्यात काय असतं, चेकर बसलेला असतो. वाकडीतिकडी विडी दिसली की छाट म्हणून बाजूला काढतो, तिचे पैसे मिळत नाहीत. म्हणून बायका खराब विडी बंडलाच्या मधोमध घालतात, चांगल्या बाहेरनं. पद्माक्का म्हणाली, "बीपी मधी घाल."

मी तसंच केलं. बिराजदारांना सांगितलं, लहानपणी माहेरी, वैरागला, गोवर आला होता, विहिरीवरनं पाय घसरून पडले, विंचू चावला, बीपी हाय, उन्हाळ्यात घोळणा फुटतो, एकदा कावीळ झाली, दाढ काढली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बीपीची गोळी कुठली?"

विहीर, विंचू, कावीळ सगळं सोडून नेमकं तेवढंच. मी म्हणाले, "तुमी आधी विडी कारखान्यात होता का?"

मग त्यांनी नीट समजावलं. बीपी लपवला असता आणि तिकडं कळलं असतं, तर कंपनीनं हातच वर केले असते. आता सांगितला, तर बीपीमुळं जे होईल ते सोडून बाकीचं मिळेल. ही नवी साथ लागली आणि दवाखान्यात ठेवलं, तरी मिळेल.

घरी येऊन पद्माक्काला सांगितलं, "नवा आजार चालतो, जुना चालत न्हाय."

ती म्हणाली, "आपल्या दोघीत नवं काय ऱ्हायलंय गं?"

*

विमानं अजून उडत होती, पण टीव्हीवर रोज साथीचेच आकडे. बिराजदारांना विचारलं, "मीच जायचं नको म्हटलं तर पैसे मिळतील?"

"डॉक्टरांनी जाऊ नका असं लिहून दिलं तर बघतील. आपणहून थांबलात तर नाही. भीती कव्हर होत नाही, आजी."

पद्माक्का सोबत आली होती. ती म्हणाली, "भ्याव वाटतं म्हणूनच तर इमा काढला की."

बिराजदारांनी आम्हा दोघींना चहा मागवला.

चार दिवसांनी विमानंच बंद झाली. भ्यायचंही कारण उरलं नाही.

*

नात झाली. बारसं फोनवर.

आमच्यात बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात. एकीनं पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं वरून, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. मी साडीची झोळी बांधली आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. आम्ही दोघीच. तोंडाला पदर गुंडाळलेले. पद्माक्का साबण घेऊनच आलेली. वरवंटा तिच्या हातात गेला की ती तो धुवायची, मगच मला परत. पाच फेऱ्या, पाच आंघोळी.

फोनमधून सुनीता म्हणाली, "माझ्या पोरीला अजून एवढी आंघोळ मिळाली नाही." हसली, आणि मग फोन दुसरीकडं वळवला. मला नुसता पंखा दिसत राहिला.

मुक्ता नाव ठेवलं. पद्माक्का घरी गेली. वरवंटा झोळीतच होता. दोन दिवस मी चटणी वाटली नाही.

*

बाजार थोडा उघडल्यावर मी दर मंगळवारी सात रस्त्याला जायला लागले. पॉलिसीतलं काहीतरी विचारायचं निमित्त. सामान हरवलं तर काय, पासपोर्ट हरवला तर काय.

एकदा बिराजदार म्हणाले, "आजी, हा प्रश्न गेल्या मंगळवारी विचारला होता."

मी म्हणाले, "उत्तर तेच हाय का बघायला आले."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घरी येईपर्यंत दुपार सरली होती.

*

दोन वर्षांनी विमान मिळालं. नवा कागद, नव्या तारखा. मस्कतला पोचले आणि मुक्ता आईच्या पायामागं लपली.

महिनाभर तिनं लांबूनच बघितलं. मी जवळ गेले की ती दुसऱ्या खोलीत. सुनीता म्हणायची, "आई, सवय नाही तिला." मलाही कळत होतं. परतीची बॅग भरली.

निघायच्या आदल्या दिवशी तपासणी केली, तर पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, पण विमानात घेईनात. मला मागच्या खोलीत ठेवलं आणि दार लावलं. बिराजदारांना फोन केला.

"दवाखान्यात ठेवलंय का?"

"न्हाय. लेकीच्याच घरात."

"मग काही मिळणार नाही, आजी. नुसतं अडकलं तर त्यात बसत नाही."

तिसऱ्या दिवशी दाराखालून एक चमचा आत आला. मी वाकून बघितलं, पलीकडं इवलीशी बोटं. मी म्हणाले, "मिळालं." मग एक पायमोजा आला. "मिळालं." मग पोळीचा तुकडा, मग रंगाचा खडू. मी आतून काही पाठवत नव्हते, माझा हात तिला लागू नये म्हणून. नुसतं मिळालं म्हणायचे. रोज सकाळी सुनीता ताट ठेवून गेली की पलीकडं कुणीतरी येऊन बसायचं.

सातव्या दिवशी तपासणी चांगली आली. दार उघडलं. मी भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. मुक्ता उभी होती. माझं बसणं पुरं होईस्तोवर थांबली, मग आली आणि मांडीवर बसली. चांगली जड होती.

सुनीता म्हणाली, "आई, पुढचं विमान तीन आठवड्यांनी हाय. काय करायचं?"

मी काही बोलायच्या आधी मुक्तानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि विचारलं, "मिळालं?"