वारसाहक्काची जीभ

इसमाचे वर्णन : वय वर्षे पन्नास. बांधा सडपातळ. हुद्दा : औषध कारखान्यात वरिष्ठ चव-तपासनीस. अर्हता : वडील याच पदावर, आजोबाही याच पदावर. विशेष गुण : आनुवंशिक रसना, कडवटपणाची अचूक पारख. ओळखीची खूण : साधे पाणीही हुंगून पितो.

हे वर्णन कारखान्याच्या दप्तरात आहे आणि बहुतांशी त्यानेच लिहून दिलेले आहे. मुलांची खोकल्याची औषधे बाटलीत जाण्याआधी चमचाभर तोंडात घोळवून थुंकायची आणि किती कडू ते लिहायचे, हे त्याचे काम.

आयुष्यात त्याने हेवा एकाच माणसाचा केला, पण मन लावून केला. ती त्याची धाकटी बहीण. लहानपणी औषधाचा चमचा दिसला की ती घर डोक्यावर घ्यायची; मग आई तिच्या तळहातावर साखर ठेवायची. हा मुकाट्याने गिळायचा, म्हणून याला साखर नाही. चाळीस वर्षे झाली, ती साखर त्याच्या घशाखाली उतरलेली नाही.

वडिलांनी मात्र त्याचा निमूटपणा हेरला. "पोरगा तयारीचा आहे," म्हणाले, आणि रोज संध्याकाळी औषधांच्या सात वाट्या मांडून त्याला हुंगायला, घोळवायला, दातांना काय चिकटते ते सांगायला शिकवू लागले. धाकटी नखरेल ठरली आणि दुसऱ्या खोलीत गेली. पुढे ती त्याच कारखान्यात बाटल्यांना लेबले लावू लागली.

मुख्य तपासनीस निवृत्त झाले. ती खुर्ची आपलीच, असे तो धरून चालला होता. तेवढ्यात कारखान्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढले : आधी जीभ तपासू, इच्छुक कोणीही या. दोघेच आले. दुसरी धाकटी.

"तू कशाला कडमडलीस?"

"अकरा वर्षं लेबलं चाटतेय, दादा. जिभेला बढती नको?"

प्रत्येकाला कागदाच्या दोन पट्ट्या मिळाल्या. एक कोरी, एक कडू द्रावणात भिजवून वाळवलेली. त्याने पहिली जिभेवर ठेवली. काहीच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो तर धाकटी खुर्चीवरून उडालीच. "ई! मेले!" करत बेसिनकडे धावली.

इथेही हिचाच पहिला नंबर? त्याने तोंड वेडेवाकडे केले, थुंकला आणि म्हणाला, "दहापैकी नऊ." दुसरी पट्टी चाखून शांतपणे सांगितले, "ही कोरी."

बाईंनी कागद पाहिला. "तुमची पहिली कोरी होती. दोघांचा क्रम वेगळा ठेवला होता मी."

धाकटी तोंड पुसत वळली. "म्हणजे तुला ते औषध कडू लागतच नव्हतं? आणि तुझ्या शहाणपणापायी मी चाळीस वर्षं नखरेल!"

"आईबाप एकच असले तरी वाट्याला येणारं सारखं नसतं," बाई म्हणाल्या. "हा कडवटपणा यांना जन्मतःच लागतो, तुम्हाला नाही."

"मग पंचवीस वर्षं मी काय माशा मारल्या?"

बाईंनी उत्तरादाखल सात वाट्या मांडल्या. धाकटीने चाखल्या : कडू, कडू, मरणाचं कडू, कडू... कोणत्या वाटीत कोणते औषध, ते मात्र तिला सांगता येईना. त्याने वासावरून आणि दातांवरच्या चिकटपणावरून सातही ओळखल्या. तिसरीतले औषध जुन्या खेपेतले आहे, हेही सांगितले.

"हे वडिलांनीच दिलंय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पण रक्तातून नव्हे, शिकवणीतून."

दुसरा कोणी फुशारला असता. याला एवढेच ऐकू आले की जीभ तिच्याकडे गेली.

खुर्ची त्याला मिळाली. कडवटपणापुरती धाकटी शेजारच्या स्टुलावर बसेल, अशी अट पडली. दप्तरातली 'आनुवंशिक रसना' कोणी खोडली नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने अभ्यासासाठी म्हणून दहा कडू पट्ट्या मागून घेतल्या आणि खोलीचे दार लावून एकेक चाखली.

दहाच्या दहा कागदासारख्या लागल्या.