सोनूबाब आणि राखणदाराचे तोंड

पेडण्याच्या बाजारात सोनूबाब पेंटर चहा प्यायला बसले, की रस्त्याकडे पाठ करून बसायचे. समोर कुणा ना कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक असायचा. मधोमध पुढाऱ्याचा मोठा चेहरा आणि भोवती शुभेच्छुकांची डोकी, टोपलीत बांगडे मांडावेत तशी. तो फलक आमच्याच फलक छापायच्या दुकानात, सोनूबाबांच्याच हाताखाली तयार झालेला असे. कोणी विचारले तर म्हणायचे, "आपलीच घाण आपणच बघीत बसूची?"

त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. उमेदीचा काळ त्यांनी दशावतारी नाटकांचे पडदे रंगवण्यात घालवला. मग फ्लेक्स आला आणि ब्रशाला कुणी विचारीनासे झाले. मालकाने त्यांना डिझाइन 'बघायला' ठेवून घेतले. ते बघायचे आणि नाक मुरडायचे. मी तिथे कॉम्प्युटरवर बसायचे, त्यामुळे पहिला मान माझा. एकदा लग्नाच्या फलकावर मी सहा तऱ्हेची अक्षरे वापरली. "बाय, हां लगीन काय बाजार?" एवढे विचारून ते निघून गेले. माझा संताप झाला, आणि दुसऱ्या दिवशी मी दोनच तऱ्हेची अक्षरे ठेवली. आपले नाव खाली घालायला लाज वाटणार नाही असे एक तरी काम हातून व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पडद्यांवर नाटक मंडळीचे नाव असे, फलकांवर पुढाऱ्याचे.

अशात डिचोलीचे एक गृहस्थ आले. खाणीवर ट्रक लावून गबर झालेले, आता चित्रपट काढून बसलेले. गावाची राखण करणारा देव, राखणदार, कोपतो आणि एका घराचा फडशा पाडतो, अशी त्यांच्या भयपटाची गोष्ट. पोस्टर कसे हवे हे कळावे म्हणून त्यांनी मोबाइलवर वीसेक पोस्टरे दाखवली. सगळ्यांत एकच बाई होती, आणि तिला कुणी फणी दिली नव्हती. उरलेल्या जागेत सुळे आणि रक्त. सोनूबाब म्हणाले, "दात दाखयता तो भूत न्हय, दातांच्या डाकतराचो बोर्ड." गृहस्थ खो खो हसले. त्यांना वाटले विनोद आहे.

तरी सोनूबाबांनी काम घेतले. गोष्ट मागून घेतली आणि तीन दिवस वाचली. मग लग्नपत्रिकांच्या उरलेल्या नमुन्यांमागे पेन्सिलीने आराखडे काढू लागले. पहिल्यात गावाच्या सीमेवरचा दगड होता. त्याला फक्त जमीन मोजणारे भितील म्हणून तो टाकला. दुसऱ्यात अर्धे उघडे दार होते. ते रंगाच्या जाहिरातीसारखे दिसते म्हणून तेही टाकले. मग एका सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून मला कोरगावला घेऊन गेले.

तिथे वेशीवर राखणदाराचे स्थान आहे. तो रोज गावाची सीमा फिरतो, म्हणून लोक त्याला चामड्याच्या वाहणा देतात. चांगल्या हातभर लांब. वर्षभरात त्या टाचेला झिजतात, असे तिथले लोक सांगतात. सोनूबाबांनी त्या चारी बाजूंनी पाहिल्या, वितीने मापल्या आणि हात जोडून काहीतरी पुटपुटले. परतताना मला म्हणाले, की राखणदाराला शब्द दिला आहे. वाहणा काढीन, तोंड काढणार नाही. जो गाव राखतो त्यालाच राक्षसाचे तोंड दिले तर गावाने जायचे कुठे?

पुढचे आठ दिवस ते रंगात होते. पोस्टरचा वरचा बहुतेक भाग नुसता काळोख. खाली बंद दार, दाराखालून दिव्याची पिवळी रेघ, आणि पायरीवर त्या वाहणा, अंगठे घराच्या दिशेने. लाल रंग कुठेच नाही. पायरी आधी सिमेंटची होती, ती खोडून जांभ्या दगडाची केली. जांभ्याच्या भोकांत काळोख बसतो, म्हणाले. चित्रपटाचे नाव ब्रशानेच काढले, भिंतीवर चुन्याने लिहावे तसे. मी ते सगळे स्कॅन करून घेतले. कोपऱ्यात त्यांचे नाव टाकताना त्यांनी मला दोनदा विचारले, "वाचूक येता मगो?" त्या संध्याकाळी घरी गेल्यावर कुलूप काढण्याआधी मी पायरीकडे पाहिले. मी खरेच भ्याले होते.

डिचोलीचे गृहस्थ मात्र भ्याले नाहीत. "आनी भूत खंय?" त्यांनी विचारले. एवढा काळोख फुकट गेला, तिथे चेहरा हवा, सुळे हवेत, डोळे लाल हवेत. सोनूबाबांनी तोंड घालणार नाही म्हणून सांगितले आणि छत्री उचलून घरी गेले. काम म्हापशाच्या दुकानात जाईल, असे म्हणत मालकाने माझ्याकडे पाहिले. मी अर्ध्या तासात इंटरनेटवरचा एक दातांचा चेहरा त्या काळोखात चिकटवला. कोपऱ्यातले नाव मात्र मी काढले नाही. नाव छापलेले पाहून सोनूबाबांना थोडे तरी बरे वाटेल, असे मला वाटले. इतकी मी मूर्ख.

चार दिवसांनी बसस्टँडवर पोस्टर लागले. सोनूबाब समोर उभे राहून बराच वेळ पाहत होते. मी बाजूला जाऊन उभी राहिले, बोलणी खायच्या तयारीने.

"तोंड तुजां, नाव माजां," ते म्हणाले. "चल कोरगावाक."

गाऱ्हाणे घालायची आमच्याकडची रीत अशी, की एकाने देवाला सांगायचे आणि बरोबरच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. बरोबर मी एकटीच होते. सोनूबाबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तुका दिल्लो शब्द मोडलो."

"होय म्हाराजा."

"तां तोंड माज्याच हातान झालां."

आता होय म्हणायची पाळी माझी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, नुसते थांबून राहिले. शेवटी मी म्हटले, "होय म्हाराजा."

"ह्या चेडवाचो हेच्यात कायेक दोष नाय. शिक्षा आसा ती माका दी."

आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या वाईट कामाला कधी बरे म्हटले नाही, त्याने माझे काम स्वतःच्या अंगावर घेतले होते. 'नाही म्हाराजा' म्हणायला एक शब्द बदलायचा होता. मी तिसऱ्यांदाही होयच म्हटले.