सोनटक्क्याच्या पानांतल्या पातोळ्या

एकतीस वर्षं मी पेणच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पानाच्या शिरा समांतर असल्या तर वनस्पती एकदल, जाळीदार असल्या तर द्विदल. हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणू शकतो. बायकोच्या मते म्हणायचोही.

तर अशा या विद्वान माणसाने गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी काय केलं, ते सांगतो.

पेणमध्येच रामवाडीत आमचं घर आहे. परसदारी न्हाणीचं पाणी जातं तिथे दोन वाफे शेजारी शेजारी. एक हळदीचा, एक सोनटक्क्याचा. हळद मी लावली होती. सोनटक्का बायकोचा. लग्नानंतर पहिल्यांदा रोह्याला माहेरी गेली, तेव्हा ओल्या गोणपाटात गड्डा गुंडाळून घेऊन आली होती. एसटीत तो गड्डा माझ्या मांडीवर होता, आणि गोणपाटाचं पाणी माझ्या नव्या पँटवर. त्या गड्ड्याचं पुढे बेट झालं. दर भाद्रपदात त्याच्या टोकांना हिरवे तुरे येत आणि संध्याकाळी त्यातून पांढरी फुलं बाहेर पडत. पहिलं फूल तेरड्याच्या गौरीला, दुसरं तिच्या स्वतःच्या अंबाड्यात. मी इतकी वर्षं ते वासावरून ओळखत आलो. झाडाकडे कशाला बघायचं? झाड कुठे पळून जाणार होतं?

गेल्या वर्षी ती आजारी होती. श्रावणात डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं त्यावरून पुढचं आम्हा दोघांनाही कळलं. तिची खाट माजघरात होती. तिथल्या खिडकीतून शेजारच्यांच्या नारळाचा शेंडा तेवढा दिसतो. परसदार दिसत नाही.

"अहो, सोनटक्क्याला तुरे आले का?" ती रोज विचारायची.

"येतील."

"बघून सांगा. यंदाचा एक बघून जाईन म्हणते." गौरीच्या बाजाराची यादी सांगावी तशा सुरात म्हणाली.

मी बघायला जायचो. दोन्ही वाफे हिरवेगार दिसायचे. आत येऊन सांगायचो, आले हं, आले. दोन दिवसांनी खरोखरच आले असावेत, पण ते कुठल्या वाफ्यात, हे मी नीट पाहिलंच नव्हतं.

गौरीच्या दिवशी शेजारणींनी येऊन गौर बसवली. नैवेद्याला पातोळ्या दरवर्षी ती करायची. हळदीच्या पानावर तांदळाची उकड थापायची, आत गूळ-खोबरं भरायचं, पान दुमडून वाफवायचं. वाफ आली की घरभर हळदीच्या पानाचा वास. मी म्हटलं, यंदा पातोळ्या मी करणार. ती नको म्हणाली. नको म्हणाली की मला चेव येतो. मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ तीनदा पाहिला आणि कोयता घेऊन परसात गेलो.

एकेक पान तोडत बसण्यापेक्षा अख्खा दांडाच बुंध्यातून उतरवावा, एका घावात सात-आठ पानं. माझी ही कल्पना मला फारच आवडली. दहा-बारा दांडे उतरवले. शेंड्याला हिरवी बोंडं होती, ती कोंबडीच्या मानेसारखी पिरगाळून खतात टाकली. पानांच्या शिरा समांतर होत्या. एवढं माझं बरोबर होतं.

पातोळ्या दिसायला बऱ्या झाल्या. मी तिला बशीतून एक नेऊन दिली. तिने एक घास खाल्ला, जरा थांबली, मग दुसरा खाल्ला.

"जमल्यात," म्हणाली.

दुपारी कामाला येणाऱ्या बाई परसात भांडी घासायला गेल्या. गागोद्याकडच्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मला सर म्हणत धाकात ठेवणाऱ्या. त्यांनी तिथूनच हाक मारली.

"सर, हितं या. ह्ये कोनी कापलं?"

"मी. हळदीची पानं."

"हळद ती पल्याड हाय. ह्यो काकींचा सोनटक्का. फुलावर आलेला." त्यांनी खतातून एक बोंड उचललं आणि नखाने सोललं. आत पांढऱ्या पाकळ्यांच्या घड्या होत्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. "धा दिसांत फुलला असता. पोरांस्नी काय शिकवत व्हतात तुमी?"

मी ते बोंड हातात घेऊन उभा राहिलो. पहिल्यांदा सुचलं ते अत्यंत भेकड होतं. मी म्हटलं, "काकींना सांगू नका."

"मी नाय सांगत. पन त्या रोज इचारतात."

रोज विचारायचीच. मग मी रोज खोटं बोलू लागलो. आज बोंड जरा फुगलंय. आज एक हिरवी पापडी सुटलीय. आज आतलं पांढरं टोक दिसतंय. गौर गेली, गणपती गेले. यंदा पावसामुळे उशीर होतोय, असंही मी शास्त्रीय आवाजात सांगितलं. जन्मभर वर्गात जे वर्णन कधी केलं नव्हतं, ते खुंटांकडे बघून करत होतो. एका संध्याकाळी तिने डोळे मिटूनच विचारलं, "उद्या उमलेल ना?"

मी म्हटलं, "उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना तिच्याजवळ बसवून मी रोह्याची एसटी पकडली. तिच्या माहेरचं बेट कुंडलिका नदीच्या बाजूला विहिरीपाशी होतं. तेच झाड, तोच वंश, म्हणजे खोटंही निम्मंच ठरलं असतं. हायवेच्या खड्ड्यांत हाडं मोजत गेलो. तिच्या भावजयीने चहा ठेवला आणि मी विचारल्यावर कपाळाला हात लावला.

"भावोजी, सोनटक्का कधीच गेला. चिखल व्हायचा, डास व्हायचे. पेव्हर ब्लॉक बसवले की तिथे. गाडी आत येते आता. वन्सं कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. त्या दिवसांत माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं.

स्टँडवर परतलो तर एक आदिवासी बाई सागाच्या पानावर सोनटक्क्याचे दांडे मांडून बसली होती. पेणच्या बाजारातही अशाच बसलेल्या असतात, हे मला तेव्हा आठवलं.

"एकच द्या."

"एकाचं काय करशील, बाबा?"

"घरी एकीला दाखवायचाय."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यात टपोऱ्या कळीचा दांडा काढून केळीच्या सोपटाने पानात बांधला. "वारा लावू नको. सांजच्याला उमलंल."

घरी येईपर्यंत तो मी छातीशी धरला होता. परसदारातून आत शिरलो. पान फेकलं, मुद्दाम पायांना थोडा चिखल लावला आणि माजघरात गेलो.

"हे बघ, आपला पहिला."

कळी वाटेतच सुटू लागली होती. तिने दांडा हातात घेतला, नाकाशी नेला, खूप वेळ तसाच धरला. मग देठाकडे पाहिलं.

"यंदा आपला सोनटक्का सोपटाने बांधूनच उगवला वाटतं."

पान फेकलं होतं, पण सोपट देठाला तसंच राहिलं होतं. ती हसली. हसताना तिला खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "पातोळीला हळदीचा वास नव्हता. पहिल्याच घासाला कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज इतकं छान सांगत होता. आज बोंड फुगलं, आज पापडी सुटली. इथे पडून मला सगळं दिसत होतं हो. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी काय सांगितलं असतं तुम्ही?"

तिच्या अंबाड्याची आता बारीकशी गाठ झाली होती. मी त्यात फूल खोचलं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा राहिलं.

"उन्हाळ्यात बेट वाळेल," ती म्हणाली. "मेलं म्हणून उपटू नका. गड्डे खाली जिवंत असतात. तुमचा भरवसा नाही."

पितृपक्षात ती गेली.

उन्हाळ्यात बेट वाळलं. मी फावडं घेऊन गेलो होतो, खोटं कशाला सांगू? बाईंनी वेळेवर ओरडून थांबवलं.

यंदा वर्षाच्या आत म्हणून घरी गौर नाही. शेजारणी पातोळ्यांची पानं मागायला आल्या, तेव्हा मी एकेक पान चुरगळून, वास घेऊन मग दिलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि काल सकाळी सोनटक्क्याच्या शेंड्यांना तुरे दिसले, खरोखरचे. मी सवयीने आत गेलो. माजघरातली खाट केव्हाच हलवली आहे. मी खिडकीपाशी उभं राहून म्हटलं, "आले हं. दोन आलेत."

मागे बाई केर काढत होत्या. मला वाटलं, विचारतील, कोनाशी बोलता. त्या केर काढता काढता म्हणाल्या, "नीट सांगा त्यांस्नी. तीन हायत. एक भिंतीकडं हाय, तो तुमी पाह्यलाच नाय."